खांड बांधायला घरचा माणूस

मोठीखार
भाद्रपद शुद्ध द्वितीया, १९८९

चि. अनंतास ताईचा आशीर्वाद.

गणपतीला येत नाहीस, हे उमाच्या कार्डावरून कळलं. बरं. मूर्ती मी एकटीच आणीन, आरतीला शेजारची चार माणसं येतील, देवाचं काही अडत नाही. हे पत्र देवासाठी नाही. अमावास्येच्या उधाणात आपला बांध फुटला. उघाडीच्या अलीकडे, बरोबर आपल्या शेतासमोर खांड पडली आहे. बैलगाडी आरपार जाईल एवढी.

अशी एका रात्रीत नाही पडली. आषाढातल्या वादळात उघाडीची पाणी अडवणारी फळी गेली, तेव्हापासून बांध आतून भिजत होता. त्यात खाडीतून दिवसभर कंपन्यांच्या बार्जी चालू. एक गेली की तिची लाट बांधाचा पाय खरवडून जाते. पूर्वी लाट तिवरांतच मरायची. तिवरं जेट्टीसाठी तोडली, आता मधे कोणी नाही. सरकारने लावलेले दगड गेल्याच वर्षी खाडीत उतरले. तक्रार केली, साहेब येऊन बघून गेले, चहा पिऊन गेले.

भात पोटरीवर आहे. सध्या भरतीचं पाणी येतं नि ओहोटीला निघून जातं, कडेची रोपं तेवढी पांढरी पडली आहेत. पण सर्वपित्रीचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं. त्याच्या आत खांड बंद झाली नाही तर पीक तर जाईलच, जमीनही दोन-तीन वर्षं मिठाने मरेल. माझं पोट त्या जमिनीवर आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

बुधाजीकाकांनी घरोघर निरोप फिरवलाय. पितृपक्षातल्या अष्टमीला, भांग असताना, खांड बांधायची. तुला शहरात राहून विसर पडला असेल म्हणून लिहिते. भांगाला भरती मऊ असते, पाणी फार चढत नाही, तेवढ्या दोन दिवसांतच काम होतं. दोन्हीकडून चिखल घालत आणायचं, आणि शेवटचं तोंड राहिलं की घरटी एक माणूस त्यात खांद्याला खांदा लावून उभा राहतो, त्यांच्या पुढेमागे बाकीचे चिखल भरतात. दादा गेल्यापासून बापाच्या जागी आपल्या घरचा कोणी उभा राहिलेला नाही. गेली दोन-तीन वर्षं थोडक्यात निभावलं, म्हणून कोणी बोललं नाही.

तर अनंता, या भांगाला ये.

तुझी ताई, मालिनी

*

बदलापूर
८ सप्टेंबर १९८९

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, इथली परिस्थिती तुला कशी सांगू? अंबरनाथला कंपनीत एक्सपोर्टची मोठी ऑर्डर आहे, ओव्हरटाइम कंपल्सरी, रजेचं नाव काढलं की साहेब अंगावर येतो. सकाळी निघतो तो रात्रीच घरी. उमाला विचार हवं तर.

मी असं म्हणतो की ठाण्याच्या ऑफिसात एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून अर्ज पुढे सरकवतो. बांध सरकारचा आहे, तर दुरुस्ती सरकारने करावी. आपण चिखल कालवत बसायचे दिवस आता राहिले नाहीत. आणि खरं सांगू, राग मानू नकोस, परवाच पेपरात आलं होतं की जगभर उष्णता वाढते आहे, बर्फ वितळतो आहे, पुढच्या शंभर वर्षांत समुद्र हातभर तरी वर येणार. मोठमोठ्या देशांची बंदरं काळजीत आहेत. तिथे आपला मातीचा बांध काय टिकणार? तू एकटीने कुठवर झगडायचं? इथे ये राहायला. जागा दोन खोल्यांची आहे, पण होईल.

माणसाचीच अडचण असेल तर मी बदली माणूस पाठवतो. चामटोलीचा रामभाऊ म्हणून आहे, उमाच्या ओळखीतला, शेतीकामाला वाघ. त्याची मजुरी मी देईन. फक्त तारीख इंग्रजी कळव. अष्टमी-नवमी बघायला घरात कॅलेंडर आहे, पण माझा गोंधळ होतो.

तुझा, अनंता

*

मोठीखार
भाद्रपद पौर्णिमा

चि. अनंतास आशीर्वाद.

तुझं पत्र बुधाजीकाकांना वाचून दाखवलं. समुद्र हातभर वर येणार हे ऐकून ते म्हणाले, येणारच, त्यांच्या बापाने बांध हातभर उंच केला तो उगाच का. पाणी चढतं म्हणूनच दरसाल माती घालायची असते. फक्त घालायला माणसं कुठून आणायची ते पेपरात दिलंय का, असं विचारत होते. मी म्हटलं, ते नसेल दिलं.

बदली माणूस चालणार नाही. माती वाहायला चालेल, तोंडात उभं राहायला नाही. भाड्याचा माणूस वाईट असतो म्हणून नाही. पाणी छातीला लागलं की तो निघून जातो, आणि का जाऊ नये? त्याचं मागे काय आहे? एक जण निघाला की रांग मोडते आणि दिवसभराचा चिखल पाण्याबरोबर जातो. म्हणून घरचा लागतो. ज्याचं भात मागे उभं आहे तो पाय हलवत नाही. हे तुला दादांनी लहानपणी सांगितलं होतं, मी तिथेच होते.

बदलापूरला येऊन मी काय करू? तुमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे कपडे मोजू? अर्ज सरकवायचा तर सरकव, त्याला माझी ना नाही. पण उधाण काही शिक्का बघून थांबत नाही.

आणि इंग्रजी तारीख हवी ना? पोस्टमास्तरांना विचारून लिहिते. २२ सप्टेंबर, शुक्रवार. तुमच्या अंबरनाथच्या कंपन्यांना शुक्रवारचीच सुट्टी असते, हे तूच मला सांगितलेलं. म्हणजे देवानेच जुळवून आणलंय. आदल्या रात्री ये, शनिवारी परत जा. कंपनी एवढी बुडायची नाही.

वाट बघते.

ताई

*

बदलापूर
२० सप्टेंबर १९८९

ती. ताईस,

हे पत्र रामभाऊच्याच हाती देतो आहे. या शुक्रवारी सुट्टी रद्द केली आहे, फॅक्टरी चालू राहणार. मी काय करू सांग. माझा नाइलाज आहे.

रामभाऊला सांगून ठेवलंय, कोणी विचारलं तर आमचा मावसभाऊ आहे म्हण. घरचाच झाला की मग. तू हो म्हण म्हणजे झालं. गावाला कुठे ठाऊक आहेत आपल्या सगळ्या मावश्या?

रागावू नकोस.

अनंता

*

मोठीखार
घटस्थापना

अनंता,

रागावू नकोस म्हणतोस. रागवायला अंगात त्राण लागतं, ते आता नाही.

तुझा मावसभाऊ आला. गावाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. माणूस चांगला आहे, दुपारपर्यंत दोघांची माती एकट्याने वाहिली. पण रांगेला माणसंच नव्हती. निम्म्या घरांतून कोणी आलं नाही. कोणाची कंपनी उल्हासनगरला, कोणाची पनवेलला, कोणाला रजा नाही, कोणाचा साहेब कडक. जे होते ते माझ्या वयाचे नि वरचे. पाणी चढलं, तुझा मावसभाऊ बाहेर आला, त्याच्यामागे आणखी एक आला, आणि झालं. आपल्या घराचं जे व्हायचं ते झालं, ते लिहीत नाही.

काल सर्वपित्रीचं उधाण आलं. त्याच दिवशी पश्चिमेचा वारा सुटला. खांड दुप्पट झाली. भात निसवलं होतं रे. सकाळी बघितलं तर नुसते शेंडे वर, आणि त्यांच्यामधून बोय मासा उड्या मारत होता. काही घरांनी जाळी लावली. काय चुकलं त्यांचं, भात गेलं तर मासा तरी मिळू दे.

मी दादांच्या नावाने पान वाढलं, पण खरं सांगते, त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. तुझ्या कंपनीने तुला काय दिलं ते तुला माहीत. मला भाऊ दिला नाही. भाऊबीजेला येऊ नकोस.

मालिनी

*

बदलापूर
५ ऑक्टोबर १९८९

ती. ताईंना उमाचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. तीन दिवस तोच शर्ट घालतात. मी हे त्यांना न सांगता लिहिते आहे. माझ्याकडून बोलण्यात काही कमी-जास्त झालं तर माफ करा.

ताई, कंपनी फेब्रुवारीपासून बंद आहे. गेटला टाळं आहे. आधी म्हणाले पंधरा दिवसांत उघडेल, मग म्हणाले कोर्टात गेलंय. ऑर्डर नाही, ओव्हरटाइम नाही, साहेबही नाही. हे आता उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका शेठकडे जीन्सच्या पँटींना बटणं ठोकतात. नगावर पैसे. एक दिवस गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर दुसरा बसलेला असतो. तरी सकाळी कंपनीच्याच वेळेला निघतात, बिल्डिंगमध्ये कोणाला कळू नये म्हणून. मला पण पहिले दोन महिने सांगितलं नव्हतं. हाताला निळा रंग दिसला तेव्हा मी विचारलं.

रामभाऊची मजुरी त्यांनी मनगटावरचं घड्याळ विकून दिली. तुम्हाला फसवायचं म्हणून नाही हो पाठवलं त्याला. गावात गेलं की पहिला प्रश्न हाच, कंपनी काय म्हणते? गावात पहिला पर्मनंट झालेला माणूस हा, दादांनी पेढे वाटले होते म्हणे. त्यांना तो प्रश्न नको आहे. समुद्राला ते भीत नाहीत, त्या प्रश्नाला भितात. मी खूप सांगून बघितलं.

तुम्ही हे पत्र फाडून टाका. आणि भाऊबीजेचं तेवढं मागे घ्या. मोठ्या बहिणीने असं म्हणू नये.

तुमची, उमा

*

मोठीखार
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात भाऊबीजेबद्दल लिहिलं ते लिहायला नको होतं. खाऱ्या पाण्यात उभं भात बघितलं की माणसाचं तोंड खारट होतं. मनावर घेऊ नकोस.

इथली हकिगत अशी. जेट्टीवाल्या कंपनीचा एक दलाल गावात फिरतो आहे. पँटला इस्त्री, पायात गमबूट. म्हणतो, जमीन मिठाने गेलीच आहे तर आम्हाला द्या, आम्हाला माल उतरवायला जागा हवी. वाईट बोलत नाही, गोड बोलतो. निम्मे लोक डोलायला लागले आहेत. मी पण एक दिवस डोलले, खोटं कशाला बोलू. रोज संध्याकाळी बांधावर जायचं नि पाणी आत येताना बघायचं, याचा कंटाळा येतो.

बुधाजीकाकांनी शेवटचा निरोप फिरवला आहे. दिवाळीआधीच्या भांगाला, आश्विन वद्य अष्टमीला. तोवर पाऊस गेलेला असेल, वारा पडलेला असेल. आता नाही बांधली तर पुढच्या पावसाळ्यात खांडीची खाडी होईल, मग बांधायची म्हटली तरी बांधता येणार नाही. मग दलालाशिवाय दुसरं दार नाही. आता बंद झाली तर दोन पावसाळ्यांत जमीन धुऊन निघते. तोवर मी कसंही करीन, कोंबड्या आहेत, मिठागरावर काम आहे.

रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर नाही. कोण काय विचारील याची फार काळजी करू नकोस, चिखलात उतरलं की सगळे सारखेच दिसतात.

ताई

*

बदलापूर
१६ ऑक्टोबर १९८९

ती. ताई,

तुझा राग एवढ्या लवकर कधी गेला नाही. शेजारणीने घागर फोडली तेव्हा तू तिच्याशी दोन वर्षं बोलली नव्हतीस. तेव्हा उमाने तुला काहीतरी लिहिलं असणार. मी तिला विचारलं नाही, ती सांगणार नाही.

काल बाजारात रामभाऊ भेटला. तो गावाहून आल्यापासून मला चुकवत होता. काल समोरासमोर सापडला. मला वाटलं, मजुरी कमी पडली असेल. तर म्हणाला, साहेब, मी पळून आलो त्याची लाज वाटते. मी म्हटलं, त्याचं काही नाही, ताईने लिहिलंय. तेव्हा म्हणाला, त्यांनी सगळं लिहिलं का? मी बाहेर आलो तेव्हा त्या माझ्या जागेवर उतरल्या. पदर खोचून, गळ्यापर्यंत पाण्यात. शेवटी त्यांना दोघांनी ओढून वर काढलं.

हे तू लिहिलं नाहीस. "आपल्या घराचं जे व्हायचं ते झालं" एवढंच लिहिलंस.

ताई, मी बाजारातच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी त्या शुक्रवारी काय करत होतो माहीत आहे? बटणं ठोकत होतो. पन्नाशी उलटलेली माझी बहीण माझ्या जागेवर पाण्यात उभी होती, आणि मी कोणाच्या तरी पँटींना बटणं ठोकत होतो. कारण मला बुधाजीकाकांच्या तोंडाला तोंड द्यायचं नव्हतं.

कंपनी बंद आहे. झाले आठ महिने. उघडेल असं आता गेटवरचा वॉचमन पण म्हणत नाही. मला रजा लागत नाही, ताई. कोणाकडे मागू?

अष्टमीच्या आदल्या दिवशी येतो. तारीख उमाने कॅलेंडरवर बघून दिली आहे.

अनंता

*

मोठीखार
आश्विन वद्य दशमी

चि. सौ. उमास आशीर्वाद.

अनंता सुखरूप आहे, काळजी करू नकोस. हातापायाला कालवांच्या शिंपल्यांनी कापलंय, हळद लावली आहे. कालचा दिवस झोपूनच काढला त्याने, आज उठून चहा प्याला. लिही म्हटलं तर म्हणाला, तूच लिही. म्हणून लिहिते.

तो आला त्या संध्याकाळी मी दारातच उभी होते. तो खूप बारीक झालाय ग. जेवायला वाढलं, जेवला, दादांची जुनी चड्डी काढून दिली ती दोरीने बांधून बघितली.

सकाळी बांधावर गेलो तर मला खरं वाटेना. माणसंच माणसं. गेल्या खेपेला ज्या घरांतून कोणी आलं नव्हतं, त्या घरांतून एक-एक, कुठे दोन. हरिचंद्र आला होता, तो उल्हासनगरला कापडाच्या गिरणीत आहे ना, तो. खालच्या आळीतले तिघे आले होते. बुधाजीकाका तर लहान मुलासारखे झाले. प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते, रजा मिळाली का रे, बरं झालं, दिवाळीच्या तोंडावर साहेबाने रजा दिली म्हणजे साहेब चांगला आहे. आणि जो तो म्हणत होता, हो काका, मिळाली, चार दिवसांची, आठ दिवसांची.

चिखल दोन्हीकडून घालत आणला. पाणी अगदी खाली गेलं तेव्हा पुरुषांनी तोंडात रांग धरली. आपल्या घरचा म्हणून अनंता उतरला. हरिचंद्राच्या शेजारी. मी वर माती देणाऱ्या बायकांत होते, हाताच्या अंतरावर. मग भरती लागली. पाणी कमरेला आलं, पोटाला आलं. त्यात एक बार्ज गेली, तिची लाट आली, रांग हलली. कोणी बाहेर आलं नाही. बुधाजीकाका रांगेला बोलतं ठेवत होते, माणूस बोलत राहिला की पाय सोडत नाही, अशी त्यांची रीत आहे. एकेकाला विचारत होते, पोरगी कितवीत आहे, बायको कशी आहे. अनंताला विचारलं, कंपनी काय म्हणते रे तुझी?

माझ्या हातातला चिखल हातातच राहिला.

अनंता म्हणाला, "कंपनी बंद झाली, काका. फेब्रुवारीपासून."

मग हरिचंद्र खाली बघत म्हणाला, "आमची श्रावणात." त्याच्या पलीकडचा म्हणाला, त्याला काढूनच टाकलंय. खालच्या आळीतल्या तिघांपैकी दोघे एकाच खात्यातले, दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं होतं, एकमेकांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. एकेक जण बोलत गेला. कोणाच्या बायकोला माहीत होतं, कोणाच्या नव्हतं. रजेवर आलेला त्या रांगेत जवळजवळ कोणी नव्हता, उमा.

बुधाजीकाका पुढे काही विचारेनात. म्हणाले, "चिकल द्या रं." आणि आम्ही देत राहिलो. दिवे लागायच्या आधी खांड बंद झाली. पाणी बाहेरच्या अंगाने चढलं, बांधापाशी थांबलं. कोणी ओरडलं नाही, कोणी नारळ फोडला नाही, सगळे तिथेच चिखलात बसून राहिले.

जेवणं बांधावरच झाली. बुधाजीकाकांनी पानावरून हात मागे घेतला होता. मी जवळ जाऊन बसले, विचारलं, अंग दुखतंय का. ते म्हणाले, "मालिनी, मना वाटलं, बांधासाठी आली पोरं."

मी म्हटलं, काका, आली ना.

अनंता अजून आठ दिवस राहतोय. बांधावर हातभर माती चढवायची आहे, माणसं आहेत तोवर उरकून घ्यायचं ठरलंय. त्या शेठला निरोप द्यायची गरज नाही, स्टुलावर दुसरा बसला असेल. भाऊबीजेला तूच इकडे ये. येताना त्याचे दोन जुने शर्ट घेऊन ये, इथले सगळे चिखलात गेले.

तुझी, मालिनीताई